काठिण्य पातळी कोणी चढवली?

१

नवरोजच्या, म्हणजे नव्या वर्षाच्या सुट्टीत माझ्याकडे लोक येतात ते चहा प्यायला, पिस्ते फोडायला आणि माझ्या गुडघ्यांची चौकशी करायला. गुलनार आली ती मात्र उंबरठ्यावरच उभी राहिली.

"बाई, मला चोर ठरवलंय," ती म्हणाली.

"आधी आत ये. चोरांनाही चहा देते मी."

ती हसली नाही, तेव्हा मला काळजी वाटली. रफसंजानच्या पोरांना प्रवेशपरीक्षेसाठी भौतिकशास्त्र शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. सकाळी मुलींची शिकवणी, संध्याकाळी मुलांची. सकाळच्या तुकडीत गुलनारइतकं विनाकारण हसणारं दुसरं कोणी नव्हतं. नंतर तिचं लग्न झालं, मोडलं, आणि लेकीला घेऊन ती वडिलांकडे परत आली, तरी तिचं हसू शाबूत होतं. आज ते कुठे गेलं होतं कोण जाणे.

खडीसाखर दाताखाली धरून दोन घोट चहा घेतला तेव्हा ती बोलायला लागली.

प्रकरण 'तूत'चं होतं. हे नाणं इरजने काढलेलं. इरजही माझाच विद्यार्थी, संध्याकाळच्या तुकडीतला पहिला नंबर. हे नाणं खिशात खुळखुळणारं नाही. ते संगणकांचं एक जाळं आहे. गावातल्या पाच-सहा घरांतली यंत्रं त्यात दिवसरात्र कोडी सोडवतात. ज्याच्या यंत्राला कोडं सुटेल त्याला नाणी मिळतात, आणि तेहरानमध्ये ती खरोखर विकली जातात. कोडं सुटलं की सोडवणाऱ्याचा संगणक आपल्या घड्याळाप्रमाणे त्यावर वेळेचा शिक्का मारतो.

माझ्या भाषेत सांगायचं तर कोड्यांचा एकेक गठ्ठा म्हणजे तीन तासांचा पेपर. वर्गाने तो लवकर सोडवला तर पुढचा पेपर अवघड निघतो, रेंगाळत सोडवला तर सोपा. ही काठिण्य पातळी कोणी माणूस ठरवत नाही. गठ्ठ्यांच्या शेवटच्या शिक्क्यांवरून जाळंच ती ठरवतं, म्हणून सगळ्यांचा तिच्यावर विश्वास.

"या नवरोजला ती वेड्यासारखी वरखाली व्हायला लागली, बाई," गुलनार म्हणाली. "मधूनच एक गठ्ठा इतका अवघड की नुसती वीज जळते. सगळे यंत्रं बंद करतात. मग एकदम सोपा गठ्ठा येतो आणि कोणीतरी तो झाडून नेतं. कोण ते कळत नाही, नाव अनोळखी आहे. इरज म्हणतो, ती मीच. माझे शिक्के तासाभराने मागे आहेत म्हणे. सीझदाहबेदरला, नवरोजच्या तेराव्या दिवशी, सगळे बागेत जमले की तो जाहीर करणार. नाहीतर मी आपणहून कबूल करून बाहेर पडायचं."

"पडू दे तो तूत खड्ड्यात. हिशेब लिहायची नोकरी कुठेही मिळेल तुला."

"सुट्टी संपली की आवीशनची तारीख आहे."

मी पेला खाली ठेवला. आवीशन तिची मुलगी. सात वर्षांनंतर मूल कोणाकडे राहायचं ते कोर्ट ठरवतं, म्हणून बापाने सिरजानहून अर्ज टाकला होता. आईची कमाई सचोटीची आहे का, हे न्यायाधीश विचारणार होते. गावाने लबाड म्हणून हाकललेल्या बाईकडे पोर कोण ठेवेल? मला राग आला, आणि राग आला की माझे गुडघे दुखायचे थांबतात.

"खरं सांग. तुझं घड्याळ मागे आहे का?"

"तेच तर कळत नाही, बाई! कोठारातल्या संगणकावर वेळ अगदी बरोबर दिसते. भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिली. पण शिक्के खरंच तासभर मागचे पडतात."

२

गुलनारची यंत्रं तिच्या वडिलांच्या पिस्त्याच्या कोठारात आहेत. आत पाऊल टाकलं की शंभर पंखे एकदम कानात ओरडतात. संगणक कोपऱ्यात होता. मी माझा फोन त्याच्याशेजारी धरला आणि दचकले. दोन्ही वेळांत तासाभराचा फरक होता.

"वेडा तुमचा फोन आहे, आमचा संगणक नाही," मागून आवाज आला.

गुलनारचे वडील, आगा जलाल. उभी नोकरी रेल्वेत, शेवटी आमच्याच ठेसनात मास्तर. निवृत्त होऊन किती वर्षं झाली, तरी बोलताना मनगटावरच्या घड्याळाकडे बघायची सवय गेलेली नाही.

"दर नव्या वर्षाला घड्याळं तासभर पुढे करायचो ना आपण? यंदापासून सरकारने ते बंद केलं," ते म्हणाले. "पण या यंत्रांना कोण सांगणार? जुन्या सवयीने ती आपली गेली पुढे. अख्खं गाव गोंधळलंय. परवा माझा मेहुणा जेवायला तासभर आधी टपकला."

"मीही परवा अशीच एकीकडे तासभर आधी जाऊन बसले," मी म्हटलं. "ती बिचारी डोक्याला मेंदी लावून बसली होती."

"द्या इकडे." त्यांनी माझा फोन घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि दोन मिनिटांत वेळ बरोबर करून परत दिला. "आता बघा. आणि पुन्हा आपोआप पुढे पळायचा नाही, तीही सोय केलीय."

"तुमच्यावर फार उपकार आहेत रेल्वेचे."

"रेल्वेवर माझे आहेत," ते गंभीरपणे म्हणाले.

मी गुलनारला चहा आणायला पाठवलं आणि विचारलं, "आगा जलाल, या कोठाराची किल्ली कोणाकोणाकडे असते?"

"मुलीकडे आणि माझ्याकडे."

"बस्स?"

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. मग इकडेतिकडे पाहिलं.

"एक नोजरकडे आहे," ते म्हणाले. "पण हे गुलनारला सांगू नका. मीच दिलीय."

३

नोजर माझ्या शिकवणीत तीन महिने होता आणि त्यातले दोन महिने वर्गाबाहेर उभा होता. आता त्याचा पिकअप आहे, पिस्त्याच्या बागा आहेत आणि गावात सगळ्यात जास्त यंत्रं त्याचीच आहेत. शिवाय काठिण्य पातळी चढल्यापासून वैतागलेल्या लोकांची यंत्रं तो स्वस्तात विकत घेत होता. संशय घ्यायचा तर पहिला त्याच्यावर, हे सांगायला माझी गरज नव्हती.

"या बाई, या! पायधूळ झाडा. आता तरी मला आत बसू द्याल ना?"

"तुझंच घर आहे. बस. गुलनारच्या कोठाराची किल्ली तुझ्याकडे कशाला?"

त्याचा चेहरा पडला. "म्हाताऱ्याने सांगितलं वाटतं. अहो, त्यांच्या यंत्रांना थंड हवा पुरत नव्हती. गुलनार माझ्याकडून फुकट काही घेत नाही, कंबर बांधून भांडते. म्हणून ती लेकीला घेऊन मावशीकडे गेली तेव्हा आम्ही दोघांनी गुपचूप एक मोठा पंखा बसवला. त्यांनी मला पाच मिनिटं दिली होती. सहाव्या मिनिटाला बाहेर काढलं."

"संगणकाला हात लावलास?"

"मी? बाई, माझा फोनसुद्धा माझी भाची चालवते."

"मग सोपे गठ्ठे कोण नेतं? जास्त यंत्रं तुझ्याकडेच आहेत."

तो उठला आणि मला मागच्या खोलीत घेऊन गेला. विकत घेतलेली यंत्रं खोक्यांतच होती, चिकटपट्टीसुद्धा तशीच. वर वाळवंटी वाऱ्याची बोटभर धूळ होती. त्या धुळीत एक मांजर व्याली होती आणि पिल्लांसकट माझ्याकडे रागाने बघत होती.

"उन्हाळ्यात विकायला घेतलीत," नोजर म्हणाला. "जोडायला वीज कुठाय? आणि जी जोडलेली आहेत ती अर्धा वेळ बंदच. इरजचा फोन येतो, 'चढलीय रे, उगाच वीज जाळू नका, मी सांगेन तेव्हा सुरू करा.' आम्ही बंद करतो. स्वतःची तर त्याने आधीच बंद केलीत, अख्ख्या सुट्टीत लावली नाहीत. गुणी पोर आहे. तुम्ही वर्गात आम्हाला त्याचंच उदाहरण द्यायचात."

"तुला गुलनारवर संशय आहे?"

"तिच्यावर?" तो पिल्लांकडे बघत म्हणाला. "बाई, ती मला पंख्याचे पैसे देईल या भीतीने मी लपून पंखा बसवला. ती कसली चोरी करते! पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. आम्ही सगळे बंद करून बसलेलो असतो. सोपा गठ्ठा आलाय हे कळून आम्ही सुरू करेपर्यंत तो संपत आलेला असतो. आणि तो चोर मात्र पहिल्या कोड्यापासून हजर! सोपा कधी येणार ते त्याला आधी कळतं कसं?"

पहिल्यांदाच त्याने मला असा प्रश्न विचारला होता, जो मी सोबत घेऊन निघाले.

४

इरजच्या घरी दार त्याच्या आईने उघडलं. इस्मत खानूम गुलनारच्या शेजारीण, मधे फक्त एक भिंत. मला पाहताच त्यांनी माझे दोन्ही हात धरले.

"जीव ओवाळून टाकते तुमच्यावरून! या, बसा. ते कोलंपे घ्या, खजुराचं सारण मी स्वतः केलंय. इरजला शिकवलंत, माणूस केलंत."

इरज आला, वाकून सलाम केला आणि माझ्यासाठी पाठीला उशी लावली. असा विद्यार्थी लाखात एक. त्याने संगणक उघडून मला शिक्के दाखवले. गुलनारच्या प्रत्येक शिक्क्यावरची वेळ तासभर मागे होती. बाकी कोणाच्याही नाही.

"पडद्यावर बरोबर वेळ आणि शिक्क्यावर चुकीची, असं आपोआप कसं होईल, बाई?" तो हळू आवाजात म्हणाला. "मला वाईट वाटतं. पण नाण्यावरचा विश्वास गेला तर काहीच उरत नाही. मी तिला मार्ग दिलाय. कबूल कर आणि शांतपणे जा."

"तिच्या मुलीची तारीख आहे, माहीत आहे ना?"

"माहीत आहे." तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "म्हणूनच पोलिसांत गेलो नाही."

इस्मत खानूमना हा विषय नको होता. त्यांनी माझ्या पायाखालच्या गालिच्यावरून हात फिरवला.

"बाई, हा बघा. माझ्या आईचा. नवरोजच्या तिसऱ्या दिवशी पाहुण्यांच्या पोराने त्यावर डाळिंबाचं सरबत सांडलं. मला रडूच आलं! लगेच धुतला. पण वाळवायचा कुठे? बाहेर तर धुळीचं वादळ. इरजने उचलून त्याच्या त्या यंत्रांच्या बिनखिडकीच्या खोलीत पसरला. एवढा जाडजूड गालिचा, सकाळी बघते तर कोरडा ठणठणीत. डागही नाही. माझा हात असा आहे बघा!"

"आई, बाईंचा चहा निवला," इरज म्हणाला. "दुसरा आण ना."

मी दुसरा चहा घेतला, कोलंपेही दोन खाल्ले आणि निघाले. चालता चालता गल्लीत फोन वाजला. टोरांटोहून मुलगा होता.

"एवढ्या पहाटे उठलास? तब्येत बरी आहे ना?" मी विचारलं. माझ्या फोनवर इथल्या वेळेच्या खाली त्याच्या गावची वेळ दिसते. तो झोपेत असतो तेव्हा उगाच फोन करू नये म्हणून त्यानेच तशी सोय करून दिलीय.

"कसली पहाट, मामान! ऑफिसला निघालोय मी. तुझ्या फोनवर किती वाजलेत माझ्याकडे?"

मी सांगितलं.

"तासभर मागे आहे. घड्याळाला काही केलंस का?"

मी गल्लीच्या मधोमध उभी राहिले. मागून आलेल्या मोटरसायकलवाल्याने मला दोन शिव्या घातल्या, त्या मी ऐकूनही घेतल्या नाहीत. आगा जलालनी रफसंजानची वेळ बरोबर केली होती, पण त्यासाठी माझ्या फोनमध्ये अख्ख्या जगाला तासभर मागे ओढलं होतं. फोन पोटात एकच खरी वेळ धरून असतो आणि तिच्यात गावोगावचा फरक मिळवून दाखवतो. चूक त्या फरकात होती. म्हाताऱ्याने मूळ वेळच हलवली. संगणकाचंही तेच, आणि शिक्का तर मूळ वेळेचाच पडतो.

मी घरी गेले नाही. तशीच वळून कोठाराकडे गेले आणि आगा जलालना एकच प्रश्न विचारला. त्यांनी उत्तर दिलं, आणि मग पहिल्यांदाच मी त्यांना घड्याळाकडे न बघता बसलेलं पाहिलं.

पण हे झालं अर्धंच. घड्याळ कोणी मागे केलं ते कळलं, सोपे गठ्ठे कोणी नेले ते राहिलंच होतं. आणि रात्री उशीला डोकं टेकलं तेव्हा पायाखालचा तो गालिचा मला पुन्हा आठवला.

५

सीझदाहबेदरला घरात बसणं अशुभ. सगळं रफसंजान बागांमध्ये सांडतं. आमची सतरंजी नोजरच्या बागेत होती, पाटाच्या पाण्याशेजारी. इस्मत खानूमनी शेवया-पालेभाजीच्या दाट आशचं मोठं पातेलं आणलं होतं. सेकंजबीनच्या आंबटगोड पाकात बुडवून सॅलडची पानं खाणं चाललं होतं. नोजर कबाबावर पुठ्ठ्याने वारा घालत होता. गुलनार कडेला बसली होती. आवीशन पाटात पाय सोडून बसली होती आणि कोणी तिच्याशी बोलत नव्हतं. 

इरजने घसा खाकरला. "सगळे आहात तर एक नकोशी गोष्ट सांगायची आहे."

"थांब," मी म्हटलं. "आधी तुझं कौतुक करू दे. एवढे शिक्के तपासायचे म्हणजे चेष्टा नाही. गुलनारचं घड्याळ मागे आहे हे तुझ्या लक्षात आलं कधी? की परवाच, लोक ओरडायला लागल्यावर?"

"नाही बाई!" पहिल्या नंबरच्या मुलाला उशिरा कळलं असं म्हटलेलं कधीच खपत नाही. "पहिल्याच दिवशी. वर्ष सुरू झालं आणि दुसऱ्या सकाळीच मी तो शिक्का पाहिला होता."

"शाबास. मग तिला फोन का नाही केलास?"

 "मला... खात्री करायची होती."

"भिंतीपलीकडे राहते ती. हाक मारली असतीस तरी चाललं असतं." मी ताट बाजूला ठेवलं. "बरं, आता सगळे ऐका. परीक्षेला येणार आहे असं समजा. ज्या गठ्ठ्याचं शेवटचं कोडं गुलनारच्या यंत्राला सुटायचं, तो पेपर संपल्याची वेळ तासभर अलीकडची पडायची. तीन तासांचा पेपर दोन तासांत सुटला असं दिसायचं. जाळ्याला वाटायचं, पोरं हुशार झाली. पुढचा पेपर अवघड. इथवर कळलं?"

"कळलं," नोजर म्हणाला आणि स्वतःच चकित झाला.

"आता हा अवघड पेपर. तो सुरू झाल्याची वेळ म्हणून तीच चुकीची वेळ धरली जायची. म्हणजे तो तासभर जास्त चालला असं दिसायचं. त्यात इरजच्या फोनवरून तुम्ही यंत्रं बंद केलेली. तो पेपर आणखीच रखडायचा. जाळ्याला वाटायचं, पोरं ढ झाली. पुढचा पेपर एकदम सोपा. दर वेळी हाच क्रम. गुलनारचा शेवटचा शिक्का, मग अवघड, मग सोपा. ज्याला तो शिक्का माहीत होता त्याला सोपा पेपर कधी येणार हेही माहीत होतं."

"म्हणजे ती!" सतरंजीवरून कोणीतरी म्हणालं.

"तिने केलं असतं तर घड्याळ गरजेप्रमाणे हललं असतं. चोराचा हात हलतो. इथे सगळे शिक्के तेवढेच मागे आहेत, फायदा असो की तोटा. ही चोरी नाही, चूक आहे. आणि चूक कोणाची ते—"

"माझी," आगा जलाल उठून उभे राहिले. त्यांनी रेल्वेचा जुना कोट घातला होता. "संगणक पुढे पळत होता. मी मागे केला. सुधारला असं वाटलं मला. आपोआप वेळ लावायचं बटणही बंद केलं. मुलीला सांगितलंसुद्धा नाही, इतकी क्षुल्लक गोष्ट वाटली. आयुष्यभर मी गाड्यांना वेळ दिली. या वेळी चुकीची दिली. काय बोलायचं ते मला बोला."

गुलनार वडिलांकडे बघतच राहिली. मग तिने त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं.

"आता सोपे पेपर," मी म्हटलं. "हा क्रम आधी ओळखता येईल असा माणूस एकच. पहिल्या दिवसापासून शिक्के बघणारा. त्याने सांगितलं होतं की त्याची यंत्रं सुट्टीभर बंद आहेत. पण नवरोजच्या तिसऱ्या दिवशी, धुळीच्या वादळात, एक ओला गालिचा त्याच्या खोलीत रात्रीतून वाळला. बंद यंत्रांच्या, खिडकी नसलेल्या खोलीत चार दिवसांतही वाळला नसता. ती खोली त्या रात्री भट्टीसारखी तापली होती."

पळीचा आवाज थांबला. इस्मत खानूम आशच्या पातेल्याशी उभ्या होत्या. आपण काय बोलून गेलो होतो ते त्यांना आत्ता कळलं, आणि ते कळताना मला त्यांच्याकडे बघवेना. दुसरा मार्ग असता तर मी तो घेतला असता. नव्हता.

"इरज," त्या म्हणाल्या, "यंत्रं चालू होती का रे?"

तो सतरंजीकडे बघत राहिला.

"मी तुला विचारतेय. त्या मुलीच्या पोरीचं काय होणार ते माहीत असून?"

"पहिल्यांदा नुसतं बघायचं होतं, आई," तो म्हणाला. "खरंच असं होतं का ते. मग झालं. मग वाटलं, अजून एकदा आणि मग सांगून टाकू. मला इथून बाहेर जायचंय, सगळ्यांनाच जायचंय. लोक विचारायला लागले तेव्हा कोणाचं तरी नाव सांगावं लागलं."

नोजरने पुठ्ठा फेकला आणि बाह्या सरसावल्या. मी त्याला जुन्याच आवाजात "बाहेर उभा राहा" म्हणाले, आणि तो खरंच झाडामागे जाऊन उभा राहिला. कबाब जळले. इरज उठला, आईकडे एकदा बघून चालत रस्त्याला लागला. त्याला कोणी अडवलं नाही. त्याने नेलेली नाणी दुसऱ्या दिवशी ज्याची त्याला परत आली, तो मात्र घरी परतला नाही.

६

मला वाटलं होतं, संपलं. पण गावात वाईट बातमी पायाने जाते आणि चांगली घरी बसून राहते. गुलनार लबाड आहे हे सिरजानला पोचलं होतं, ती नाही हे पोचलं नव्हतं. आधीच्या नवऱ्याच्या वकिलाने कोर्टात तेच पहिलं वाक्य उच्चारलं.

"ज्या धंद्यातून ही बाई कमावते, त्याच धंद्याच्या प्रमुखाने तिला फसवणुकीबद्दल दोषी धरलंय."

मी उभी राहून सांगितलं. नोजरनेही सांगितलं, जरा मोठ्याने. न्यायाधीश म्हणाले, बाई तिची शिक्षिका, हे गृहस्थ तिचे भागीदार, दोघंही तिच्याच बाजूचे. निःपक्ष शेजारी कोणी आहे का?

गुलनारने मान खाली घातली. शेजारी म्हणजे भिंतीपलीकडचं एकच घर होतं. आवीशन माझ्याशेजारी बसली होती आणि तिने माझी बाही घट्ट पकडली होती.

मागचं दार उघडलं. इस्मत खानूम आत आल्या, काळी चादर डोळ्यांपर्यंत ओढलेली. बागेतल्या दिवसानंतर त्या कोणालाच दिसल्या नव्हत्या. त्या सरळ पुढे गेल्या.

"मी शेजारीण," त्या म्हणाल्या. "या मुलीला मी रोज बघते. ती आणि तिचे वडील हलालाचं खातात."

"दोष देणारा प्रमुख तुमच्या परिचयाचा आहे का?" वकिलाने विचारलं.

"आहे. माझा मुलगा आहे."

 वकील कागद चाळायला लागला.

"तो खोटं बोलला," इस्मत खानूम म्हणाल्या. त्यांचा आवाज फुटत होता, पण त्यांनी तो फुटू दिला आणि बोलत राहिल्या. "मुलगी आईकडे राहू द्या, साहेब. पोटच्या पोराला सोडून राहणं काय असतं, ते मला या चार दिवसांत कळलंय."

न्यायाधीशांनी आवीशनला बोलावलं आणि तिला कुठे राहायचं आहे ते विचारलं. तिने माझी बाही सोडली, जाऊन गुलनारचा हात धरला, आणि न्यायाधीशांनी तेच लिहून घेतलं: मुलगी आईकडे.